हात कानाला लागला तेव्हा

सुंदराबाई पेडणेकरणीला माहेराहून दागिना एकच मिळाला होता, आणि तो म्हणजे दात बघायची विद्या. तिचे वडील कणकवलीच्या बाजूला बैलांची दलाली करत. बाजारात बैलाचा ओठ अंगठ्यानं वर करायचे आणि आठ वर्षांच्या सुंदरीला विचारायचे, "सांग गो, केवढो?" सुंदरी सांगायची, "दुदात." म्हणजे दोन पक्के दात आलेला. मग चौदात, मग सहादात, मग जुळलेला. जुळलेल्याच्या पुढे वय विचारायचं नाही, झीज बघायची. शाळा तिनं दुसरीत सोडली, पण ही विद्या काही सुटली नाही. लग्न होऊन घाटकोपरला भटवाडीत आली तेव्हा बैल दिसेनासे झाले, म्हणून ती माणसांचे दात बघू लागली. कुणाकडे नवी सून आली की नळावर सांगून मोकळी, "बावीस म्हणतायत, सव्वीसच्या खाली नाही. हसली तेव्हा बघितलं मी." सहसा चुकत नसे. चुकलं तरी तिला तसं सांगणार कोण?

म्हणून विद्याधर दारात उभा राहून म्हणाला, "आजी, मालनचे दात तपासून घ्यायला सांगितलेत," तेव्हा तिच्या तव्यावरची भाकरी करपली. तीस वर्षं ती डब्यांसाठी भाकऱ्या भाजत होती, पण असं कधी झालं नव्हतं.

विद्याधर दिवसा बँकेत खर्डेघाशी करी आणि संध्याकाळी मंडळाच्या मुलींना कबड्डी शिकवी. भला माणूस, पण शिट्टी सोडली तर आवाज नाही.

"कुणी सांगितलं?" सुंदराबाईनं विचारलं.

"बोरिवलीच्या एका संघानं हरकत घेतलीय. म्हणतात, मुलगी सोळाच्या वरची आहे. एवढी उंची, एवढे लांब हात..."

"हात लांब असले म्हणजे वय लांब होतं काय रे मेल्या? त्यांच्या पोरींना धरता येत नाही म्हणून आमची पोर म्हातारी?"

"मी तेच म्हणालो त्यांना."

"असंच म्हणालास?"

"थोडं सौम्य म्हणालो." विद्याधरनं खिशातला कागद काढला आणि परत ठेवला. "सरकारी इस्पितळात दातांच्या डॉक्टर आहेत. पोलीस लोक मयताचं वयसुद्धा त्यांच्याकडून काढून घेतात. त्यांचा दाखला आणायचा. रविवारी उपनगरच्या संघाची निवड आहे, त्याच्या आत. शाळेचा दाखला आणि दात जुळले पाहिजेत, आजी. नाही जुळले तर मालन बाद."

सुंदराबाईची नात मालन तिथंच खाली लसूण सोलत बसली होती. उपनगरच्या संघाचं नाव निघालं की तिचे हात आपोआप थांबायचे, तसे थांबले. गेलं वर्षभर ती या एका निवडीसाठी पहाटे टेकडी चढून उतरत होती. एरवी कशातच आपला नंबर लागत नाही, असं तिनं कधीचं ठरवून टाकलं होतं. नववीत ती मागच्या बाकावर बसे. पण मैदानात चढाईला गेली की तिचा हात असा काही लांब व्हायचा, की समोरची पोर बाद झाल्यावर इकडेतिकडे बघायची, शिवलं कोणी म्हणून.

"आजी, माझ्या दातांत काय लिहिलेलं असतं गं?" तिनं विचारलं.

"माझं नाव," सुंदराबाई म्हणाली. "लसूण सोल."

डबे गेले, दुपार झाली, आणि सुंदराबाई उंबऱ्यावर मिश्री लावत बसली. रोज दोन बोटं लावायची, आज चार लावली तरी मन थाऱ्यावर येईना. बोरिवलीकरांची तिला भीती नव्हती. मालन सोळाच्या वरची नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. भीती वेगळीच होती. मालनचं शाळेच्या दाखल्यावरचं वय खोटं होतं, आणि ते खोटं सुंदराबाईनं स्वतः केलेलं होतं.

त्याला नऊ वर्षं झाली. सून तापानं गेली तेव्हा मालन साडेतीन वर्षांची. मुलगा जयवंत जहाजावर खलाशी, वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात तीन शेगड्या पेटलेल्या, पंधरावीस डबे, आणि पायात घोटाळणारी पोर. एकदा डाळीचं आधण कलंडलं ते पोरीच्या पावलापासून वीतभर लांब सांडलं. त्या दिवशी सुंदराबाईनं ठरवलं, हिला शाळेत घालायची. तिथं निदान विस्तव नाही.

पण शाळेत सहा वर्षांशिवाय घेत नसत, आणि मालन होती साडेचारची. जन्माचा कागद नव्हता. गावी कुडाच्या खोलीत जन्मलेल्या पोरीचा कागद कोण करतो? कागद नसला की गुरुजी एकच परीक्षा घ्यायचे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे घ्यायचा आणि डावा कान धरायचा. धरता आला की सहा पूर्ण, नाही आला तर पुढच्या वर्षी या. मालनचे हात बापावर गेलेले, लांबसडक. तरी बोटभर कमीच पडत होते. सुंदराबाईनं आठ दिवस रोज सकाळी खोबरेल चोळून तो हात ओढला. खेळ म्हणून करून घेतला. आणि शाळेच्या दारात कानात सांगितलं, "मान थोडी कलती धर." मालननं धरली. बोट कानाला लागलं. गुरुजींनी सगळ्यांना लिहायचे तशी एक जून तारीख लिहिली, मागं सहा वर्षं मोजून साल घातलं, आणि सुंदराबाई पुढची नऊ वर्षं भटवाडीत सांगत राहिली, "आमच्या मालनचा हात पहिल्या झटक्यात कानाला लागला."

आता दात सांगणार होते. दातांना मान कलती धरता येत नाही, हे बैलाच्या दलालाच्या मुलीला कुणी शिकवायला नको होतं.

गुरुवारी तिघं इस्पितळात गेली. विद्याधरला बाहेर बाकावर बसवलं. आत पांढरा कोट घातलेली, गळ्यात बारीक सोन्याचा क्रॉस असलेली एक बाई फॉर्म भरत होती.

"सिस्टर, डाक्टर कधी येणार?" सुंदराबाईनं विचारलं.

"आलेत. मीच. बसा मावशी. मी डोरोथी."

सुंदराबाई बसली, पण ओशाळली नाही. ओशाळणं तिला जमत नसे. "एवढीशी दिसतेस म्हणून विचारलं. चौतीसची ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गेल्या महिन्यात पूर्ण झाली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू हसलीस ना आत्ता."

मग काय, दोघींचं जमलं. डोरोथी मनोरीची निघाली, होडीनं मार्व्याला येऊन पुढं इथवर रोजची ये-जा करणारी. सुंदराबाईनं दुदात-चौदात सांगितलं तेव्हा तिनं ते शब्द कागदाच्या कोपऱ्यावर लिहूनसुद्धा घेतले. मालन मात्र टेबलावरच्या काचेच्या पेटीकडे बघत होती. आत एक जबडा होता, खराखुरा.

"हे कुणाचं?"

"अजून कळलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पोलिसांनी आणलंय. पन्नाशीच्या पुढची बाई होती आणि मिश्री लावायची, एवढं तिनं मला सांगितलंय. नाव तेवढं सांगायचं राहिलंय."

सुंदराबाईनं नकळत पदर तोंडावर घेतला. पण 'तिनं सांगितलंय' हे तिला फार आवडलं. मेलेल्या माणसाचंही बोलणं ऐकून घेणारी बाई आहे ही, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ हेही आलं की हिच्यापुढं आपलं काही झाकून राहायचं नाही.

मालनचं तोंड तपासून झालं. जबड्याचा एक्स-रे झाला. तासाभरानं डॉक्टरांनी तो काळा कागद उजेडाच्या पेटीवर लावला आणि सुंदराबाईलाच जवळ बोलावलं, जसं सुतार सुताराला बोलावतो.

"हे बघा मावशी. ही मुळं. खाली टोकाला बघा, अजून उघडी आहेत. वय होत जातं तशी ती मिटत जातात. आणि ही सगळ्यात मागची, हाडात दडलेली, ती अक्कलदाढ. तिचा माथा तयार झालाय, पण मूळ अजून फुटलेलं नाही."

सुंदराबाईनं डोळे बारीक करून बघितलं. बैलाचा ओठ उचलून जे कधी दिसलं नाही ते इथं हाडाच्या आत दिसत होतं. तिच्या तोंडून वडिलांचाच प्रश्न आला. "सांग गो, केवढी?"

"दाखल्यावर साडेपंधरा आहे. दात म्हणतायत चौदा." डॉक्टरांनी पेन हनुवटीला लावलं. "पण दात म्हणजे काही पंचांग नाही. वर्ष-दीड वर्ष इकडचं तिकडे होतंच. मी तेरा ते साडेपंधरा असं लिहिलं तर ते खोटं नाही. दाखला अगदी कडेला बसतो, पण बसतो. एकच गोष्ट मला समजत नाहीय. हिचा पहिला दुधाचा दात कधी पडला, आठवतं तुम्हाला?"

आठवत नसायला काय झालं? मालन तिसरीत होती, गणपतीचे दिवस होते. मोदक खाताना दात त्याच्यातच अडकला आणि पोरीनं भोकाड पसरलं, की आता गणपती रागावणार. सुंदराबाईनं तो दात धुऊन शेणाच्या गोळीत घातला आणि मालनच्या हातून पत्र्यावर टाकवला होता. तिसरीत म्हणजे दाखल्यानं सव्वाआठ वर्षांची. सव्वाआठाला कुणाचा पहिला दात पडतो? एवढा उशीर बघून या बाईला लगेच कळणार. 'पहिलीत पडला' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. दाखला कडेला बसला असता, मालन रविवारी मैदानात उतरली असती, आणि सुंदराबाईचा नळावरचा तोरा जिथं होता तिथंच राहिला असता. ती तोंड उघडणारच होती.

तेवढ्यात मालन हसली.

"डॉक्टर, म्हणजे माझे दातपण ढच," ती म्हणाली. "आजी म्हणतेच, मालनचं सगळं उशिरा. पाढे उशिरा, घड्याळ उशिरा. चौथीत नापास झाले मी. आता दातपण मागच्या बाकावर बसलेत."

ती रडत नव्हती, कुरकुरत नव्हती. विहिरीत पाणी आहे म्हणावं इतक्या सहज सांगत होती, आणि हसत होती. सुंदराबाईला ते हसणं गालावर बसल्यासारखं झालं. ढ, ढब्बू, नंदीबैल, 'अक्कलदाढ कधी यायची गो तुका', हे सगळे शब्द तिचेच. प्रगतिपुस्तक आलं की एकेक काढायची. चौथीचा निकाल लागला त्या दिवशी तर अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं बोलली होती. मनात मात्र कधी हिशेब घातला नव्हता, की चौथीच्या बाकावर बसवलेली ती पोर त्या दिवशी आठ वर्षं आणि चार महिन्यांची होती, आणि शेजारची पोरं दहाची.

"दात ढ नाहीत तिचे," सुंदराबाई म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"तिसरीत पडला पहिला दात. गणपतीत. आणि तो वेळेवर पडला. दाखला खोटा आहे, डाक्टर. मी केला खोटा. साडेचार वर्षांची पोर सहाची म्हणून शाळेत घातली. हात ओढून ओढून कानाला लावला. घरात शेगड्या होत्या, पोर भाजली असती म्हणून घातली. पण घातली ती घातली, वर नऊ वर्षं तिलाच ढ म्हणत बसले." ती मालनकडे वळली. "तू ढ नव्हतीस गो. तू लहान होतीस."

मालनचं हसणं तोंडावर तसंच राहिलं, नुसतं रिकामं झालं.

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. "जन्म कधीचा?"

"मार्गशीर्ष. दत्तजयंतीनंतर आठव्या दिवशी. बांगलादेशची लढाई चालू होती, गावात रात्री कंदील लावू देत नव्हते. काळोखात जन्मली."

"म्हणजे एकाहत्तरचा डिसेंबर. पहिला दात पावणेसातला. आज चौदा." त्यांनी एक्स-रेकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "तेच म्हटलं. असे नेटके दात आणि दीड वर्ष मागं कसे?"

"आता बाद करा तिला," सुंदराबाई म्हणाली. "म्हणजे, करू नका. पण नियम आहे म्हणतात. दाखला आणि दात जुळले पाहिजेत."

"कुणी सांगितलं? कागद कुठाय?"

विद्याधरला आत बोलावलं. त्यानं खिशातला कागद काढला, जो तीन दिवस काढून परत ठेवत होता. डॉक्टरांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"यात विचारलंय की खेळाडूचं वय सोळा वर्षांच्या आत आहे की नाही. जुळायचं कुठं लिहिलंय?"

"तसं ते बोरिवलीवाले म्हणत होते," विद्याधर म्हणाला. "जोरात म्हणत होते."

"आणि तू ऐकून आलास," सुंदराबाई म्हणाली. "बँकेत नोटा तरी वाचून घेतोस की लोक म्हणतील तेवढ्याची मानतोस?"

डॉक्टरांनी दाखला लिहिला. वय अंदाजे चौदा, सोळाच्या आत. सही केली, शिक्का मारला. मग सुंदराबाईला म्हणाल्या, "निवडीचं झालं. पण शाळेतली तारीख तुम्हाला दुरुस्त करून घ्यावी लागेल, मावशी. तिथं जाऊन लिहून द्यायचं, काय झालं होतं ते. माझा कागद जोडा. खटपट आहे, आणि लोकांना कळणार."

"कळू दे." सुंदराबाईनं पदर खोचला. "आजपर्यंत लोकांचं मी नळावर सांगितलं. एकदा माझं त्यांना सांगू दे. चांगलं चघळतील."

निघताना तिनं काचेच्या पेटीकडे बघून हात जोडले. "हिचं नाव कळलं की मला कळवा," ती म्हणाली. डॉक्टरांनी कळवते म्हटलं.

विद्याधर पहिल्या आलेल्या बसनं बँकेत गेला. आजी-नात आपल्या बसची वाट बघत थांब्यावर उभ्या राहिल्या. मालन इस्पितळापासून गप्प होती. सुंदराबाईला शिव्या चालल्या असत्या, पाय आपटणं चाललं असतं. तिच्यापुढं कधी कुणी गप्प राहिलं नव्हतं, त्यामुळं त्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं. तिनं चणे घेतले. मालननं पुडी धरली, पण खाल्ले नाहीत.

बऱ्याच वेळानं मालन म्हणाली, "म्हणजे चौथीत मी आठ वर्षांची होते?"

"आठ आणि चार महिने."

"आणि तरी पस्तीसपैकी तीनच विषयांत गेले होते."

"पस्तीस विषय नसतात गो. पस्तीस मार्क असतात."

"तेच." मालननं एक चणा तोंडात टाकला. थोड्या वेळानं दुसरा. "शेजारची वनमाला दहा वर्षांची होती, ती पण दोन विषयांत गेली होती."

"ती आहेच ढ," सुंदराबाई म्हणाली.

मालन हसली नाही, पण पुडी आजीपुढं केली. दोघी चणे खात राहिल्या. मग मालननं पुडी आजीच्या हातात दिली आणि स्वतःचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं डाव्या कानाच्या खाली, पार मानेवर गेली. ती तशीच उभी राहिली, काहीतरी आठवत.

"ते खोबरेल मला आठवतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू लाड करतेस."

सुंदराबाई रस्त्याकडे बघत राहिली. "लाडच ते," ती म्हणाली. "दुसरे कुठले येतात मला?"

मालननं हात खाली घेतला. आजीच्या हातातली पुडी काढून स्वतःच्या खिशात घातली.

"आता तू."

"काय मी?"

"हात डोक्यावरून. कान धर."

"लोक बघतायत."

"बघू देत. चघळतील."

सुंदराबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि उजवा हात उचलला. भाकऱ्या थापून थापून खांदा आखडलेला. हात कसाबसा डोक्यावर चढला, अंबाड्यापाशी अडला. बोटं पलीकडे चाचपडत राहिली, कानापासून चांगली चार बोटं लांब.

"लागत नाही," मालन गुरुजींच्या आवाजात म्हणाली. "सहा पूर्ण नाहीत. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी मी असते का बघ."

"असशील." समोरून बस येत होती. मालननं आजीचं कोपर खालून धरलं, हलकेच वर उचललं, आणि वाकून तिच्या कानात म्हणाली, "मान थोडी कलती धर."

सुंदराबाईनं धरली.